खणखणीत झाकणं

डबाबंद मालाच्या त्या कारखान्यात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं एक नाव होतं म्हणतात, पण ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ‘कानवाली’.

कारण तिचं काम कानाचं होतं. डबे भरून, झाकणं बसवून, शिजवून, गार करून गोदामात आले की काही दिवस तसेच मुरत पडायचे. मग कानवाली पेन्सिलीएवढी पोलादी कांडी घेऊन रांगांमधून फिरायची आणि प्रत्येक झाकणावर एकेक टिचकी द्यायची. आतली हवा नीट निघून गेली असेल तर झाकण आत ओढलं जातं, ताणून बसतं आणि खणखणीत वाजतं. कुठं केसाएवढी फट राहून हवा शिरली असेल, किंवा आतला माल नासून वायू धरला असेल, तर तेच झाकण बद्द वाजतं. बद्द वाजलेला डबा कानवाली न बोलता उचलायची आणि लाल खोक्यात टाकायची.

तिची चूक होत नसे. नवीन आलेल्या एका साहेबानं तिची परीक्षा घ्यायची म्हणून एका चांगल्या डब्याला सुईनं भोक पाडलं, त्यावर मेण लावलं आणि तो रांगेत मधेच दडवला. कानवाली शेजारच्या बाईच्या सुनेबद्दलच्या तक्रारी ऐकत, हुंकार देत, टिचक्या मारत पुढं गेली, थांबली, मागं आली आणि तो डबा साहेबाच्या हातात देऊन म्हणाली, “हा तुमचा का?” साहेब पुढं बरीच वर्षं ही गोष्ट स्वतःच सांगायचा. कानवालीला सांगायची गरजच पडायची नाही. ती फक्त शेजारी उभी राहून नम्र दिसायचा प्रयत्न करायची, आणि तो तिला अजिबात जमत नसे.

अशा बाईला ताठा आला नसता तरच नवल. आला, आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत आला.

त्या ताठ्यात आणखी एका गोष्टीची भर होती, ती म्हणजे शेड. कारखान्यात दोन शेडी होत्या, एक फळांची, एक भाज्यांची, आणि मधे एक मोकळं आवार. फळांच्या शेडीत उघडे हौद होते. उकळत्या पाण्यात डबे उतरवायचे, थोडा वेळ ठेवायचे, काढायचे. नासपतीची फोड डब्यातून निघाली तरी चावायला कडक लागे. पलीकडं भाज्यांच्या शेडीत मात्र जाड लोखंडाच्या बंद भट्ट्या होत्या. त्यांची दारं बोल्ट आवळून बंद करायची, आत वाफ कोंडायची, आणि दाबाचा काटा वर चढला की तो तिथंच धरून ठेवायचा. त्यातून निघालेली शेंग चमच्यानं दाबली तरी पिठासारखी व्हायची.

मग फळवाले भाजीवाल्यांना सोडतात कशाला? जेवणाच्या सुट्टीत आवारात बसलं की सुरुवात व्हायची. “तुमच्याकडं शेंगा शिजवतात की सूड घेतात?” भाजीवाले म्हणायचे, “तुमचं काय, अंघोळ घालून पाठवता.” पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही थट्टा. फळवाल्यांना मनापासून वाटायचं की आपला हात हलका आणि भाजीवाल्यांचा रांगडा, बाकी फरक काही नाही. असं का, हे कुणी विचारलं नाही. वर्षातून एकदा प्रयोगशाळेतली बाई सगळ्यांना एका खोलीत बसवून जंतू, आंबटपणा, वाफेचा दाब असलं काहीबाही सांगायची. फळवाले तेव्हा मागच्या बाकांवर बसत आणि कानवाली त्यांच्यात सगळ्यात मागं. तिला खात्री होती की आपला कान आहे तोवर आपल्याला फळ्यावरची चित्रं बघायची गरज नाही.

घरी तिचा एक भाऊ होता. आईबाप लवकर गेले तेव्हा हा रांगत होता. कानवालीनं त्याला वाढवला, शिकवायचा प्रयत्न केला, तो जमेना तेव्हा केस कापायच्या दुकानात चिकटवून दिला. लग्नाचं वय आलं तसं तिला दोनतीन ठिकाणांहून विचारणा झाली. प्रत्येक वेळी ती म्हणाली, “आणि धाकट्याला कोण बघणार?” मग विचारणारे विचारायचे थांबले. धाकटा मोठा झाला, त्याचं स्वतःचं दुकान झालं, टक्कल पडायला लागलं, तरी तिच्या लेखी तो धाकटाच. त्यानंही कधी तक्रार केली नाही. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकता झटकता तो सांगायचा, “आमच्या ताईनं वाजवून पास केल्याशिवाय आमच्या घरात काही येत नाही. बायकोसुद्धा.”

बायको ऐकायची आणि हसायची. भावजय स्वभावानं गरीब, पण मुकी नव्हे. स्वयंपाकघर दोघींचं एकच होतं, दुकानाच्या माथ्यावरच्या त्या दोन खोल्यांत दुसरं करणार कुठं? आत शेगडीपाशी एकीनं उभं राहायचं, दुसरीनं दारात. कानवाली बहुधा शेगडीपाशी असायची आणि भावजय बहुधा दारात.

मग कारखान्यात यंत्र आलं. पट्ट्यावरून डबे पळायचे, यंत्र वरच्या वर त्यांची झाकणं तपासायचं आणि खराब डबा पट्ट्यावरून ढकलून द्यायचं. हुंकार देत नव्हतं, थकत नव्हतं, तोरा दाखवत नव्हतं. निरोपाच्या दिवशी साहेबानं सुईच्या भोकाची गोष्ट पुन्हा सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कानवालीनं ती पोलादी कांडी मागून घेतली. घरी आली ती गप्पगप्पच. दुखावली होती. वयामुळं काढलं असतं तर तिनं सोसलं असतं. एका पेटीनं तिचा कान निकामी ठरवला, हे तिला गिळवत नव्हतं.

थोडे दिवस खिडकीशी बसून काढल्यावर ती उठली आणि बाजारातून काचेच्या बाटल्या आणि पत्र्याची झाकणं घेऊन आली. घरीच फळं भरायला लागली. सालं काढणं, फोडी, पाक, उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं, सगळं शेडीत बघितलेलं. बाटल्या गार झाल्या की ती ओळीनं मांडायची आणि कांडीनं वाजवायची. खण. खण. खण. धाकटा खालून ओरडायचा, “ताई, पास का?” ती वरून ओरडायची, “पास!” नासपती झाली, अननस झाला, आलुबुखार झाला. हिवाळ्यात बाटली उघडली तर काल भरल्यासारखी. शेजारपाजारचे लोक बाटल्या मागायला यायला लागले आणि कानवालीच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. भावजयसुद्धा मनापासून म्हणाली, “ताई, तुमच्या हाताला खरंच गुण आहे.”

इथंच थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

त्या हंगामात घेवड्याच्या शेंगा मातीमोलानं विकल्या जात होत्या. कोवळ्या, कटकन मोडणाऱ्या. धाकट्याला शेंगा जिवापाड आवडायच्या, पण कारखान्याच्या डब्यातल्या नाही. “ते पीठ मला नको,” म्हणायचा. कानवालीनं ठरवलं, भाजीवाल्यांना जन्मात जमलं नाही ते आपण करून दाखवायचं. शेंगा निवडल्या, देठ काढले, धुतल्या, बाटल्यांत उभ्या रचल्या, मीठपाणी घातलं. आणि फळांसारख्याच उकळत्या पाण्यात ठेवून काढल्या. हिरव्या रंगाला धक्का नाही. गार झाल्यावर वाजवल्या. एक झाकण बद्द वाजलं, ती बाटली तिनं तिथल्या तिथं ओतून दिली. बाकीच्या इतक्या सुरेख वाजल्या की तिनं भावजयीला मुद्दाम बोलावून ऐकवल्या.

एक बाटली समोरच्या शिंप्याच्या घरी गेली. बाकीच्या फडताळात राहिल्या, शेगडीच्या उबेला, फळांच्या बाटल्यांशेजारी.

महिन्या-दीड महिन्यानं, एका सुट्टीच्या दुपारी, कानवालीनं पहिली बाटली काढली. झाकण आत ओढलेलंच होतं. वाजवलं, खण. उघडलं, तेव्हा दमदार सुस्कारा सोडून उघडलं. बुरशी नाही, फेस नाही. भावजय दारातून वाकून बघत होती. तिनं नाक जरा पुढं केलं.

“ताई, वास थोडा वेगळा वाटतोय का?”

“कसला वेगळा?”

“काही नाही, मला उगाच वाटलं. एकदा उकळून घेऊ का चांगल्या? मग फोडणी देते.”

कानवालीनं कांडी खाली ठेवली. “माझ्या बाटलीतलं परत उकळायचं? मग बाटलीत भरलं कशाला? उकळून लगदाच करायचा तर कारखान्यातला डबा आणला असता.”

“तसं नाही हो...”

“आयुष्य गेलं माझं यात. आता वास तू शिकव मला.”

भावजय दारातून बाजूला झाली. शेंगा ताटात तशाच गार वाढल्या गेल्या, वरून तेल आणि मीठ. भावजयीनं घेतल्या नाहीत. रागावली होती, आणि रागावली की ती पाव आणि चहावर भागवायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्यानं दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि वातावरण हलकं करायला दुप्पट खायला लागला. “वा ताई! भाजीवाल्यांना बोलवा रे कुणीतरी!” कानवाली इतकी खूश झाली की तिनं स्वतःच्या ताटातल्या शेंगाही त्याच्या ताटात सारल्या. एकही तोंडात घातली नाही. लहानपणापासून ती हेच करत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर धाकटा दुकानातून वर आला आणि म्हणाला, “गंमत झाली. मला गिऱ्हाइकाच्या दोन डाव्या बाजू दिसायला लागल्या. दोन कान, एकाच बाजूला. म्हटलं कुठला कापू?” त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. पाणी प्यायला तर ते नाकातून बाहेर आलं. तो हसला, पण हसू अर्धंच आलं. पापण्या मिटत होत्या, त्या त्यानं बोटानं उचलून धरल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत जीभ जड झाली. समोरच्या शिंप्यानं त्याला जिन्यावर धडपडताना बघितलं आणि गल्लीत बातमी पसरली की केस कापणारा दिवसाढवळ्या झोकून आलाय. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल ही बातमी! कानवालीनं जिन्यात उभं राहून शिंप्याची खरडपट्टी काढली. त्या भांडणात बराच वेळ गेला.

रुग्णालयात पोचले तेव्हा त्याला मान धरवत नव्हती. डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी हातपाय तपासले, डोळ्यांत बॅटरी मारली, मग या दोघींकडं वळले.

“काल-परवा काय खाल्लं होतं? बाहेरचं काही? डबाबंद, बाटलीबंद?”

भावजय म्हणाली, “शेंगा...”

“घरच्या शेंगा,” कानवाली मधेच बोलली. “ताज्या भाजीच्या. बाजारचा डबा आमच्या घरात येत नाही, डॉक्टर. मी त्याच कामातली आहे.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. शेंगा घरच्या होत्या, भरल्या तेव्हा ताज्या होत्या, आणि बाजारच्या डब्याला त्या घरात मज्जाव होता. असं खरं बोलणं खोट्यापेक्षा वाईट. डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसऱ्या आजारांचा विचार करायला लागले. मेंदूची चित्रं काढा, पाठीतलं पाणी काढा.

ते गेल्यावर कानवाली भावजयीवर उलटली. आतून तिची पाचावर धारण बसली होती आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी खापर फोडायचं असतं. “भांडी कशी घासतेस ते मी रोज बघते. फडकं चार-चार दिवस तेच. सांगून सांगून जीभ झिजली माझी. आता बघ.” हे ती खाटेच्या उशाशी उभी राहून बोलली. धाकट्याचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं. तो झोपलाय असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी श्वास घ्यायला जमेना म्हणून त्याच्या घशात नळी घातली आणि यंत्राला जोडलं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या. बराच वेळ गेल्यावर भावजय समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली,

“ताई, त्या शेंगाच आहेत.”

“पुन्हा तेच?”

“घरात बाकी सगळं तिघांनी खाल्लं. शेंगा मी खाल्ल्या नाहीत. तुम्ही खाल्ल्या नाहीत.”

हिशेब इतका सोपा होता की कानवालीला त्यात शिरायला फट सापडेना. म्हणून ती रागानं उठली. “बरं. मी सिद्ध करून आणते.” घरी गेली, फडताळातली एक न उघडलेली बाटली पिशवीत घातली आणि थेट कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटकवाला म्हणाला, “काय कानवाली, नोकरी मागायला?” ती तशीच आत शिरली.

प्रयोगशाळेतल्या बाईनं तिला खुर्ची दिली. कानवालीनं बाटली टेबलावर ठेवली आणि कांडीनं झाकण वाजवलं. “ऐका. आहे काही खोट? एवढं मला लिहून द्या. माझा भाऊ आजारी आहे आणि घरातलेच माझ्यावर आळ घेतायत.”

बाईनं बाटली उजेडात धरली. “शेंगा. तुम्ही घरी भरल्यात?”

“हो.”

“शिजवल्या कशात?”

“उकळत्या पाण्यात. आपल्या फळांसारख्या.”

बाईनं बाटली हळूच खाली ठेवली आणि हात टेबलावरून काढून घेतला. “भावाला काय होतंय?”

कानवालीनं सांगितलं. दोन-दोन दिसणं, पापण्या, जीभ, श्वास. सांगता सांगता समोरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं बघितला, आणि तिचा स्वतःचा आवाज खाली खाली गेला.

“मावशी, नीट ऐका,” बाई म्हणाली. “मातीत एक जंतू असतो. जिवंत जंतू उकळल्यावर मरतो, पण तो आपलं बी मागं ठेवतो, आणि ते बी उकळत्या पाण्याला दाद देत नाही. तास न् तास उकळा, ते तसंच राहतं. फळं आंबट असतात, आंबटात ते बी उगवत नाही, म्हणून तुमच्या शेडीत उकळतं पाणी पुरतं. शेंगा आंबट नसतात. त्यांना उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि ती कोंडलेल्या वाफेशिवाय येत नाही. त्या बंद भट्ट्या त्याच्यासाठी आहेत.”

“पण झाकण,” कानवाली म्हणाली. “झाकण खणखणीत आहे.”

“झाकण चांगलंच आहे. तुमचं झाकण इतकं चांगलं आहे की आत हवेचा कणसुद्धा नाही. या जंतूला हवा सोसत नाही. त्याला अशीच जागा लागते, बंद, हवा नसलेली, उबदार. तिथं ते बी उगवतं आणि विष करतं. दरवेळी झाकण फुगतंच असं नाही. वास येतोच असं नाही.”

तरी कानवालीनं आणखी एक विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारल्याशिवाय तिला उठवेना.

“खायच्या आधी उकळल्या असत्या तर?”

“बी मेलं नसतं. पण विष मोडलं असतं. दहाएक मिनिटं खळखळून उकळलं की ते विष राहत नाही.” मग बाई फोनकडं वळली. “आता बसू नका. डॉक्टरांचं नाव सांगा. मी फोन करते, तुम्ही धावत जा. आणि मावशी, अशा बाटल्या आणखी कुणाला दिल्यात?”

ती धावली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, भर रस्त्यातून. डॉक्टरांसमोर उभी राहिली तेव्हा श्वास मिळेना, तरी एका दमात सगळं बोलली. “मी खोटं बोलले. शेंगा बाटलीतल्या होत्या. मी भरलेल्या. ही उकळते म्हणत होती, मी उकळू दिल्या नाहीत.” भावजय शेजारीच होती. डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्यानं तिला जास्तच लागलं. फोन आधीच आला होता. या विषावरचं औषध दुसऱ्या शहरातून मागवलं होतं, ते पोचायला वेळ लागणार होता. ते म्हणाले, “औषध रक्तात फिरणारं विष बांधून टाकतं. नसांना चिकटलेलं काढू शकत नाही. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर...” आणि वाक्य अर्धं सोडून आत गेले.

कानवाली तशीच समोरच्या शिंप्याच्या दारात गेली. ज्या माणसाची तिनं जिन्यात उभं राहून लाज काढली होती, त्याच्याच पुढं तिला हात जोडावे लागले. “शेंगांची बाटली परत द्या. खाऊ नका. विष आहे त्यात.” शिंपी बघतच राहिला. आतून त्याची बायको म्हणाली, “अहो, ती तर कधीच संपली. आमच्या म्हाताऱ्यांना दात नाहीत ना, त्यांच्यासाठी पार लगदा होईस्तोवर उकळल्या मी. राग मानू नका हं, तुम्हाला आवडलं नसतं ते.” आत म्हातारा बोळक्या तोंडानं हसत होता. कानवाली उंबऱ्यावरच खाली बसली आणि हमसून रडायला लागली. शिंप्याची बायको पाणी घेऊन आली, पण काय झालं ते तिला कळेना. राहिलेल्या बाटल्या कारखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला.

औषध आलं, दिलं गेलं. धाकटा आणखी बिघडला नाही, पण सुधारलाही नाही. यंत्र श्वास घेत होतं, तो पडून होता. मग एके सकाळी तिथली नर्स बाहेर येऊन कानवालीला म्हणाली,

“त्यांच्याशी बोलत जा. या आजारात डोकं शाबूत असतं. डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. पहिल्या दिवसापासून. डाव्या पायाचा अंगठा थोडा हलतो. एकदा हलवला म्हणजे ‘हो’. नाही हलवला म्हणजे ‘नाही’.”

पहिल्या दिवसापासून. म्हणजे उशाशी उभं राहून भांडी आणि फडकं काढलं तेसुद्धा.

ती आत गेली. पायाशी स्टूल घेऊन बसली, अंगठ्यासमोर. बाळ असताना हाच पाय ती तेल लावून चोळायची, पण ते आता आठवायला तिला धीर नव्हता.

“धाकट्या, मी आहे. ऐकू येतंय?”

अंगठा हलला. अगदी थोडा, पण हलला.

“तुझ्या बायकोची काही चूक नाही. तिच्या भांड्यांची नाही, फडक्याची नाही. शेंगा मी नीट शिजवल्या नाहीत. मला कळतच नव्हतं आणि मला वाटत होतं की मलाच कळतं. ती उकळते म्हणाली तर मी तिला गप्प केलं. डॉक्टरांशी खोटं बोलले. सगळं मी केलं. समजलं?”

अंगठा हलला.

तिला आणखी एक विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एका उत्तराची भीती वाटली. उद्या विचारू, म्हणाली मनाशी. उद्या तो जरा बरा असेल. पुढचे दिवस ती रोज यायची, हवापाण्याचं बोलायची, दुकानाच्या गिऱ्हाइकांचे निरोप सांगायची, आणि रोज तो प्रश्न तोंडात तसाच घेऊन बाहेर यायची. भावजय तिच्यानंतर आत जायची आणि बराच वेळ थांबायची.

मग त्याच्या छातीत पू झाला, ताप चढला, आणि यंत्र चालू असतानाच तो गेला. सकाळची वेळ होती. गाड्यांचे आवाज रोजच्यासारखे खिडकीतून येत होते.

दोघी त्याच बाकावर बसल्या होत्या, या वेळी शेजारी शेजारी. आत त्याला पुसून तयार करत होते. कानवाली रडत नव्हती. ती म्हणाली, “माझं एक विचारायचं राहून गेलं.”

“माहिती आहे,” भावजय म्हणाली. “तुम्ही रोज बाहेर यायचात तेव्हा तुमच्या तोंडावर दिसायचं. शेवटी मीच विचारलं त्यांना. म्हटलं, ताईंवर राग आहे का तुमचा?”

कानवालीनं तिचा हात धरला. “मग?”

भावजयीनं हात सोडवून घेतला नाही. थोडा वेळ ती त्या हाताकडं बघत राहिली. चांगली पोर होती ती, खोटं बोलली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

“हलला अंगठा,” ती म्हणाली. “मला वाटलं चुकून हलला असेल. म्हणून मी परत विचारलं.”

“आणि?”

“परत हलला.”

आतून नर्सनं दार उघडलं आणि दोघींपैकी घरचं मोठं कोण, असं विचारलं. भावजयीनं कानवालीकडं बोट केलं.